मास्तर उलटे चालायचे

मास्तरांबरोबर मी केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणायला गेलो. दोघं म्हातारे, आणि आणायची एक जुडी. त्यांच्या सुनेला वरणावर टाकायला पाहिजे होता. मास्तर एकटे बाजारात जात नसत. जाऊ शकत नव्हते असं म्हणा, कारण ते उलटे चालायचे.

उलटे म्हणजे खरोखरच उलटे. तोंड माझ्याकडं, पाठ रस्त्याकडं. मी आपला सरळ चालायचो, आणि ते माझ्यापुढं चार पावलांवर, हात मागं बांधून, मागच्या मागं. बोलताना समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. रस्ता मी तोंडानं सांगायचो.

"डावीकडं घ्या. म्हैस हाये."

"कोणाची?"

"म्हशीले विचारा. आता उजवीकडं. खड्डा."

"हा खड्डा मले नको सांगू. तुह्या लग्नाच्या आधीपासून हाये तो."

भाजीवालीनं जुडी पुढं केली तर त्यांनी एक काडी तोडून चावली. "हा सांभार कालचा हाये, बाई."

"चावल्यावर कोण घेते आता तो? तुमालेच घ्या लागंल," ती म्हणाली.

"म्हणूनच चावला. नाई तं हा म्हतारा घासाघीस करत बसला असता."

हा म्हातारा म्हणजे मी. येताना त्यांनी दारातच जुडीचे दोन भाग केले आणि अर्धा माझ्या हातात कोंबला. "तुह्या वरणात टाकजो. एकटा माणूस बी वरण खाते." मग म्हणाले, "उद्या येजो." मी म्हटलं, "येतो." एवढंच. त्यात शेवटचं वाटावं असं काही नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. अकोल्यात त्यांचा लग्नाचा बँड होता, आणि बँडच्या म्होरक्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात. ते क्लॅरोनेट वाजवायचे, मी साइड ड्रम. गळ्यात पट्टा, पोटावर ड्रम, हातात दोन काड्या. तीस वर्षांच्या वर वाजवला. चौथीत शाळा सोडली, त्यानंतर हाताला जमलेलं तेवढं एकच काम.

वरातीत म्होरक्याला बँडकडं तोंड करून चालावं लागतं. ट्रम्पेटवाल्याला डोळ्यानं सांगायचं, ढोलवाल्याला भुवईनं. म्हणजे वरात पुढं जाते आणि मास्तर उलटे. बाकी बँडचे मास्तर मधूनमधून वळून रस्ता पाहायचे. आमचे कधीच वळले नाहीत. त्यांचा रस्ता मी होतो. मी ड्रम लांब घुमवला की ते डावीकडं सरकायचे. काडी कडेवर वाजवली की उजवीकडं. तीन ठोके तुटक वाजले की जागच्या जागी थांबायचे. लोकांना वाटे गाण्याचाच भाग आहे. नवरदेवाच्या मामाला तर त्या तीन ठोक्यांवर कंबर मोडून नाचायची हौस यायची, आणि इकडं मास्तरांच्या टाचेमागं बैलगाडी उभी असायची.

एकदाच चूक झाली. नवरीकडच्या कोणीतरी मला पेढा भरवला, माझा हात अडला, आणि मास्तर नालीत गेले. गुडघ्यापर्यंत. पण क्लॅरोनेट तोंडातून काढलं नाही, कडवं पूर्ण केलं, मग बाहेर आले. मला म्हणाले, "पेढा गोड होता का?" पुढं वर्षभर कुठंही पेढा दिसला की मला आणून द्यायचे.

तीस वर्षांची ही सवय अंगात मुरली ती मुरलीच. भाजीला उलटे, मशिदीकडं जातानाही वाटेत कोणी बोलायला भेटलं की उलटे. दुसरी गोष्ट, उभं राहून त्यांना वाजवताच येत नसे. पाय थांबले की सूर अडायचा. बसून तर नावच नको. "सूर चुकला तं चालते," म्हणायचे, "पाय चुकला नाई पायजे."

माझी बायको त्यांना हसायची, पण माझ्यापुढं त्यांचीच बाजू घ्यायची. "तो म्हतारा उलटा चालते तं काय झालं? तुमी जनमभर सरळ चालून कुठं पोचले?"

पोचलो खरंच कुठं नाही. मोर्णेच्या काठच्या त्या गल्लीतच राहिलो. मास्तरांचं घर समोरच, जरा तिरपं. आमच्या गल्लीत नमाज पढणारे आणि पोथी वाचणारे मिसळून राहतात, आणि सगळे मास्तरांच्या एका सुरावर उठायचे. पहाटेची नमाज झाली, सूर्य वर आला, की ते ओट्यावर यायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत एकच सूर लावायचे. एकच, लांब. दम संपेपर्यंत. गाणं नाही, काही नाही. बायका त्या वेळेपर्यंत दूध गॅसवर ठेवायच्या आणि सूर संपला की उतरवायच्या. कोणी घड्याळ पाहत नसे. माझी बायको म्हणायची, "मास्तरच्या दमावर आपलं दूध हाये."

आता ती बिदाईची गोष्ट सांगतो, नाहीतर राहून जाईल. परतवाड्याकडं एक मोठं लग्न होतं. दुपारी पोचलो तर आमची पानं मांडवाच्या मागं, जिथं भांडी घासत होते तिथं मांडलेली. मास्तरांनी पानं पाहिली आणि क्लॅरोनेट काढलं. नवरदेव घोड्यावरून मांडवात आला आणि मास्तरांनी बिदाई सुरू केली. नवरी सासरी जाताना वाजवतात ती. नवरदेव अजून घोड्यावरून उतरला नव्हता. नवरीच्या आईला आधी कळेना, मग हुंदका फुटला. तिला पाहून मावशी रडली, मग आत्या, मग करवल्या. घोडासुद्धा मान खाली घालून उभा. नवरीचा बाप धावत आला, "मास्तर, हे काय वाजवून राहिले?"

"भुकेल्या पोटी हेच सुचते, साहेब."

"जेवण मांडलं ना तुमचं!"

"मांडवात मांडलं का?"

पाच मिनिटांत आमची पानं पंगतीत आली, नवरदेवाच्या काकांच्या शेजारी. मास्तर जेवले, हात धुतले, आणि मग असं काही वाजवलं की तोच बाप फेटा उडवून नाचला. निघताना म्हणाला, "तुमी लय कडू माणूस हा, मास्तर." मास्तर म्हणाले, "मेथी बी कडूच असते. पाहुण्याले वाढतेच ना?"

आता ड्रम कसा सुटला ते सांगतो. लपवून काही उपयोग नाही.

बायकोचं पोटाचं दुखणं होतं. हिवाळ्यात जरा बरं होतं म्हणून मी मूर्तिजापूरच्या एका वरातीला गेलो. ती स्वतःच म्हणाली, जा. वरातीत खिशातला फोन थरथरत होता. ड्रम पोटावर असतो, सगळं अंगच थरथरतं. मला वाटलं ड्रमचीच थरथर. वरात संपल्यावर पाहिलं तर मास्तरांच्या सुनेचे चौदा फोन. मी पोचेपर्यंत सगळं झालेलं होतं.

त्या दिवशी ड्रम खुंटीला टांगला. मास्तर रोज येऊन बसायचे. पहिले दोन महिने काही बोलले नाहीत. मग सुरू झाले, "उतरव तो खुंटीवरून. चामडं आंबते." मी नाही म्हणायचो. दुसऱ्या दिवशी परत. माझ्याशिवाय त्यांनी वरात घेणंच बंद केलं. दुसरा ड्रमवाला लावा म्हटलं तर म्हणाले, "माही टाच त्याचं ऐकंल का?" धंदा बसला, पण ते रोज येऊन तेच. मला राग यायचा. एकदा मी बोललोच, "त्या ड्रमच्या आवाजात मले माह्या बायकोचा फोन ऐकू नाई आला. तुमाले समजते का?"

त्यांनी खुंटीकडं पाहिलं. मग म्हणाले, "समजते. वरात मी ठरवली होती." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. परत तेच, "चामडं आंबते."

मग पूर आला. मोर्णा म्हणजे एरवी गटार, पण त्या दुपारी गल्लीत छातीएवढं पाणी शिरलं. मास्तरांनी क्लॅरोनेट दुपट्ट्यात गुंडाळून डोक्यावर बांधलं आणि नातवाच्या पुस्तकांची पेटी खांद्यावर घेतली. मी बायकोचं दुधाचं पातेलं आणि दोन लुगडी घेतली. ड्रम खुंटीवरच राहिला. खोटं कशाला बोलू, हात पोचत होता. नाही घेतला. पाणी ओसरल्यावर तो दारामागं सापडला, चामडं फुगून फाटलेलं. मास्तरांनी तो पाहिला, माझ्याकडं पाहिलं. चामड्याचा विषय तेवढ्यापुरता संपला.

गल्लीत घोट्याच्या वर गाळ होता. तेव्हा ही गाण्याची गोष्ट निघाली.

आमच्या गल्लीतल्या एका बाईची भाची अमरावतीची. पुण्याला शिकली आणि तिथं जॅझ वाजवते. तिचं वाद्य तिच्याहून उंच, जाड तारांचं, उभं राहून मिठी मारून वाजवायचं. गल्लीतल्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं सारंगीची आजी. तिच्या मेळ्यात एक इराणी गडी होता, खरा इराणचा, दाढीवाला, तिशीचा. ते चौघं मिळून इराणी आणि जॅझ असं मिसळून वाजवायचे. मावशीचं घर पाहून तिनं ठरवलं की गल्लीसाठी एक कार्यक्रम करायचा, अकोल्यातच, नदीपलीकडच्या उंचावरच्या शाळेच्या मैदानावर. आणि मास्तरांनी त्यात वाजवायचं.

तालमीला आम्ही एसटीनं तिच्या अमरावतीच्या घरी गेलो. मास्तर पुढच्या सीटवर गुडघे टेकून माझ्याकडं तोंड करून बसले, बडनेऱ्यापर्यंत. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, सरळ बसा." मास्तर म्हणाले, "सरळच हावो. गाडी उलटी चालली." मी कशाला गेलो होतो विचाराल तर, अमरावतीत त्यांना रस्ता कोण दाखवणार? वाजवायला नाही गेलो. पोरीला तसं आधीच सांगितलं.

तिनं मास्तरांना समजावलं, "काका, जॅझ म्हणजे थोडं ठरवलेलं असतं, बाकीचं तिथल्या तिथं सुचेल तसं."

"म्हणजे वरात," मास्तर म्हणाले.

"वरात नाही, काका..."

"मंग काय? नवरदेवाचा मामा चौकात नाचत थांबला तं गाणं तिथंच फिरवा लागते. घोडा बिचकला तं लवकर संपवा लागते. चाळीस वर्षं तेच केलं. नाव आज समजलं."

इराणी गड्याला आमची भाषा येत नव्हती, पण मास्तरांची उर्दू आणि त्याची फारसी कुठंकुठं एकमेकींना भेटायच्या. तो म्हणाला दीवार, मास्तर म्हणाले दीवार. तो म्हणाला दरवाज़ा. मास्तरांनी छातीला हात लावून पाणी कुठवर आलं ते दाखवलं. त्यानं मान हलवली आणि वाजवायला बसला. टेबलावर तारांची एक चौकट, दोन बारीक काड्यांनी वाजवायची. काचेच्या बांगड्या पाटीत ओतल्यासारखा आवाज. मग त्यानं डफ घेतला. आपल्याकडच्या डफड्यासारखाच, फक्त मोठा आणि आत कड्या. त्याचा ठेका वरातीच्या ठेक्यासारखा सुरू व्हायचा आणि शेवटी जरा लंगडायचा. एक पाय आखूड असलेल्या माणसासारखा. मी भिंतीशी बसलो होतो. थोड्या वेळानं मास्तर माझ्या मांडीकडं पाहत आहेत असं दिसलं. माझी बोटं मांडीवर चालली होती. मी हात खिशात घातला.

मास्तरांना खुर्ची दिली, त्यांना जमेना. उभं केलं, सूर अडला. शेवटी ते जिना चढत-उतरत वाजवत होते आणि आवाज कधी वरून यायचा, कधी खालून. पोरगी डोक्याला हात लावून हसली. "काका, स्टेजवर माइक एका जागी असतो."

"पाहू," मास्तर म्हणाले. हे त्यांचं पाहू म्हणजे नाही असायचं.

तिकीट काय ठेवायचं यावरही ते बोलले. पोरगी म्हणाली लोक फोनवरून पैसे पाठवतील. मास्तर म्हणाले, "पैसा डोळ्याले दिसत नाई. गाळ बादलीनं निघते. जो येईल त्यानं एक लोखंडी बादली आणायची, प्लास्टिकची नाई. बादली द्या, आत या." आणि बादल्या घ्यायला फाटकावर मला उभं केलं. "वाजवत तं नाईस. निदान दार सांभाळ."

कार्यक्रम दुपारी चारला ठेवला, कारण गल्लीत वीज नव्हती आणि बायकांना उजेडात घरी यायचं होतं. लोक आले. डॉक्टर आले, वकील आले, कोट घातलेले, हातात बादली. एकीनं तर बादलीला कुंकू लावून आणलं. फाटकाशी बादल्यांची रास लागली. फाटकासमोरच एक खोल नाली होती, पुरात तिच्यावरची फरशी वाहून गेलेली. माणूस पडला तर उठणार नाही अशी. मी तिथं बांबू रोवून लाल फडकं बांधलं होतं.

आधी त्या चौघांनी वाजवलं. सारंगीची आजी लांब कुठंतरी म्हैस हंबरल्यासारखी वाजत होती, आणि वर त्या बांगड्या. लोक मन लावून ऐकत होते, मला सगळंच समजलं असं नाही. मग मास्तर आले. मागं बँडचे राहिलेले चौघं, लाल कोट, पुरानं जरीला काळा डाग पडलेला. पोरीनं स्टेजवर पांढऱ्या पट्टीनं फुली मारून ठेवली होती. मास्तर फुलीवर उभे राहिले. क्लॅरोनेट तोंडाला लावलं. तीन सूर निघाले आणि अडले.

परत लावलं. परत अडलं. लोक खोकायला लागले. पुढच्या खुर्चीवरचे मुख्य पाहुणे घड्याळ पाहू लागले.

मग मास्तरांनी एक पाऊल मागं टाकलं. सूर निघाला. दुसरं टाकलं. सूर मोकळा झाला. आमच्या बँडच्या चौघांचे पाय तर सवयीचे. मास्तर मागं सरले की ते पुढं. मास्तर स्टेजच्या पायऱ्या उलट्या उतरले आणि बँड त्यांच्यामागं. म्हणजे पुढं. काय म्हणायचं ते म्हणा. माइक तिथंच राहिला. इराणी गडी आधी पाहतच राहिला, मग त्यानं काड्या टाकल्या, डफ उचलला आणि उडी मारून निघाला. खुर्च्यांवरचे लोकही उठले. वरात निघाली की वऱ्हाडी माणसाला बसवत नाही, डॉक्टर असला तरी. स्टेजवर एकटी पोरगी राहिली, सारंगीच्या आजीला मिठी मारून. आजीला घेऊन चालता येत नव्हतं.

आणि ती सगळी वरात फाटकाकडं आली.

तीस वर्षं मी मास्तरांचं तोंड पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची पाठ माझ्याकडं येत होती. कोटाची शिवण उसवलेली. दोन्ही टाचा सरळ नालीकडं. गर्दीच्या रेट्यात माझा बांबू आडवा झाला होता. मी ओरडलो, "मास्तर! नाली!" ट्रम्पेटच्या आवाजात कोण ऐकतो? मी अजून ओरडलो. पाठ येतच राहिली. दहा पावलं. सात. मला एकदम तो फोन आठवला. आवाजात न ऐकू आलेला.

हाताला सगळ्यात जवळ बादली होती. पालथी घातली, पडलेला बांबू उचलला आणि तीन ठोके मारले. तुटक.

मास्तर थांबले. टाच नालीच्या काठावर. वळून नाही पाहिलं. एकच सूर लावून धरला, सकाळचा लावायचे तसा लांब, आणि उभे राहिले. उभे राहून त्यांना वाजवता येत नव्हतं, हे मी वर सांगितलं. तेव्हा येत होतं. मला कळलं की ते वाट पाहत आहेत. डावं की उजवं? त्यांचा दम संपत होता.

मी बादली लांब घुमवली. ते डावीकडं सरकले.

आता उलट्या चालणाऱ्या माणसाला अर्ध्या रस्त्यात सोडता येतं का? नाही येत. बादली कडीत दोरी घालून गळ्यात अडकवली आणि बाजूनं त्यांच्या तोंडासमोर येऊन निघालो. शाळेचा उतार, पूल, मग आमची गल्ली. कडेवर बांबू, उजवीकडं. घुमवली, डावीकडं. मागून इराणी गड्याचा लंगडा ठेका येत होता, आणि थोड्या वेळानं माझी बादलीही त्याच पायावर लंगडू लागली. तो माझ्याकडं पाहून काहीतरी ओरडला. शिवी नसावी. शहरातल्या लोकांचे बूट गाळात रुतले, ते हातात घेऊन चालू लागले. भिंतींवर पाण्याची रेघ कुठवर होती ते त्यांनी पाहिलं. मास्तर माझ्या दाराशी आले तेव्हा मी तीन ठोके दिले नव्हते, पण ते तिथंच थांबले, माझ्याकडं तोंड करून. आतल्या रिकाम्या खुंटीकडं त्यांनी नजर टाकली आणि संपवलं.

मुख्य पाहुणे शाल-नारळ हातात घेऊन मैदानावरच होते म्हणे. त्यांचं भाषण राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवसापासून त्या बादल्यांनी गाळ निघाला, आणि काढायला आदल्या दिवशीच्या लोकांपैकी बरेच आले, बूट घरी ठेवून. पोरगी मात्र मास्तरांवर दोन दिवस रुसली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, पुढच्या वेळी मी लहान वाद्य आणते."

मी मास्तरांना विचारलं, "तुमाले ती नाली माहीत होती का?"

"अकोल्यातल्या सगळ्या नाल्या मले टाचेनं माहीत हाये."

"म्हणजे मुद्दाम केलं?"

"तू मुद्दाम वाजवलं का?"

पोचा आलेली ती बादली त्यांनी माझ्या मोरीत आणून ठेवली. "हा तुहा ड्रम. उद्यापासून सकाळी मी सूर लावला का तू ठेका देजो. माहा दम आता पयलेसारखा नाई. मी गेल्यावर गल्लीचं दूध कोण उतरवंल?"

"बादली आंघोळीले हाये," मी म्हटलं. आणि आंघोळीलाच वापरली. त्या दिवशी पडता माणूस दिसला म्हणून हात चालला. रोज वाजवायचं म्हणजे वेगळं. ते माझ्याच्यानं होणार नव्हतं. मास्तर रोज यायचे, बादलीकडं पाहायचे आणि म्हणायचे, "गंजते ते." चामडं आंबते, तसंच.

महिने गेले असे. मग तो सांभाराचा दिवस.

जेवण झाल्यावर ते दुपारी पडले आणि उठलेच नाहीत. चहा घेऊन सून उठवायला गेली तेव्हा कळलं. ती माझ्याकडं धावत आली, मी घरीच होतो. फोन करावा लागला नाही. त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत नेलं. जनाज्याला खांदा द्यायला गल्लीतले सगळे होते, पुढचे मागं, मागचे पुढं होत होते. मी चार पावलं मागं चालत होतो, रोजच्यासारखा. वाटेत तो खड्डा आला, माझ्या लग्नाच्या आधीचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवीकडं घ्या. खड्डा." खांदेकरी निमूट उजवीकडं सरकले. कोणी हसलं नाही.

घरी आलो तर माझ्या अर्ध्या जुडीचा सांभार पाण्याच्या पेल्यात उभा होता. वरणात टाकून खाल्ला. चावून पाहिला तो कालचाच निघाला, ते बरोबर बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजान झाली. सूर्य वर आला. मी ओट्यावर बसलो होतो. समोर मास्तरांचा ओटा रिकामा. गल्लीत आवाज नाही. मग जळलेल्या दुधाचा वास आला. आधी डावीकडच्या घरातून, मग पलीकडच्या, मग मास्तरांच्याच घरातून. बायका सुराची वाट पाहत राहिल्या होत्या. एवढ्या वर्षांची सवय.

मी मोरीत गेलो. बादलीतलं पाणी ओतून टाकलं. चुलीमागच्या फळीवरून बायकोचं लाटणं घेतलं, दुसऱ्या हाताला पळी. ओट्यावर बादली पालथी घातली आणि वाजवली. लांब घुमवली आधी, मग तो लंगडा ठेका, मग शेवटी तीन ठोके. तुटक.

समोरून मास्तरांची सून खिडकीत आली. डोळे सुजलेले, हातात फडकं. "चाचा, काय करून राहिले सकाळी सकाळी?"

"वाजवून राहिलो," मी म्हटलं. "दूध उतरव, बाई."